डिसमिसची ऑर्डर आली तर: बेळगाव भागातल्या सरकारी शिक्षकांसाठी

डिसमिसची ऑर्डर आली की आपल्याकडचे गुरुजी आधी आमदारांच्या घरी जातात, मग संघटनेच्या पुढाऱ्याकडं, मग डीडीपीआय म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांच्या ऑफिसातल्या ओळखीच्या क्लार्ककडं. सगळे धीर देतात, 'बघू, साहेबांशी बोलतो' म्हणतात. त्यात दोन-अडीच महिने निघून जातात आणि फाईल वकिलाच्या टेबलावर पोचते तेव्हा अपिलाची मुदत संपत आलेली असते. ओळखी वापरू नका असं माझं म्हणणं नाही. पण अशी ऑर्डर ओळखीनं मागं घेतली जात नाही. ती नियमानं रद्द होते, आणि तेसुद्धा तारखा सांभाळल्या तरच.

आणखी एक सवय आधीच मोडलेली बरी. 'मी इतकी वर्षं इमानदारीनं शिकवलं, माझी मुलं नवोदयला लागली' हे अपिलाच्या पहिल्या पानावर लिहायचं. वर बसलेला माणूस ते वाचतो आणि पान उलटतो. त्याला बघायचं असतं की ऑर्डर कुणी काढली, आरोप लेखी दिले का, कागद दाखवले का, साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली का आणि चौकशीच्या अहवालाची प्रत दिली का. तुमची चांगली नोकरी उपयोगी पडते ती शिक्षा जास्त झाली हे सांगताना, म्हणजे शेवटी.

आधी आपलं दार कोणतं ते बघा

सरकारी प्राथमिक शाळा किंवा सरकारी हायस्कूलमध्ये कायम नोकरीत असाल तर तुम्ही राज्य सरकारचे नोकर. तुम्हाला 'कर्नाटक नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील) नियम, १९५७' लागू होतात. ऑफिसात यांना सीसीए रूल्स म्हणतात. त्याच्यावर राज्यघटनेचं कलम ३११ आहे. तुमचा रस्ता खात्यातलं अपील, मग केएसएटी म्हणजे कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि त्यानंतर हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ.

अनुदानित पण खाजगी संस्थेच्या शाळेत असाल, आणि बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मराठी हायस्कुलांत असे बरेच जण आहेत, तर पगार सरकारचा असला तरी मालक संस्था. तिथं कर्नाटक शिक्षण कायदा, १९८३ चं कलम ९२ लागतं. अपील कलम ९४ खाली शैक्षणिक अपील न्यायाधिकरणापुढं, ऑर्डर मिळाल्यापासून तीन महिन्यांत. हे काम जिल्हा न्यायाधीश बघतात. ही मंडळी केएसएटीला गेली तर हात हलवत परत येतात. लेबर कोर्टाचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका: शिक्षक हा 'कामगार' नव्हे असं सुप्रीम कोर्टानं १९८८ सालीच सांगून टाकलंय.

अतिथी शिक्षकांची गोष्ट कडू आहे. वर्षापुरती नेमणूक असते आणि पुढच्या जूनला बोलावलं नाही तर त्याला डिसमिस म्हणत नाहीत. मधेच ठपका ठेवून काढलं असेल तर मात्र लेखी कारण मागा. मानधन थकलं असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा, दोन्ही एकत्र करू नका.

प्रोबेशनवर असलेल्यांना १९७७ चे प्रोबेशन नियम लागतात. 'काम समाधानकारक नाही' एवढंच लिहून डिस्चार्ज केलं असेल तर लढाई अवघड. पण त्या साध्या ऑर्डरीच्या मागं खरं म्हणजे पैशाचा किंवा वागणुकीचा आरोप असेल आणि चौकशी न करता तो तुमच्यावर लादला असेल, तर ती शिक्षाच झाली आणि तिला आव्हान देता येतं.

ऑर्डर घ्या, टाळू नका

पोस्टमन आला की घराला कुलूप लावणारे गुरुजी आहेत. त्याचा काही फायदा नाही. पाकीट नाकारलं तर ते मिळालंच असं धरतात. नाहीतर सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे खात्याचे कर्मचारी, दोन पंच घेऊन येतात, दाराला ऑर्डर चिकटवतात आणि महजर म्हणजे पंचनामा करून जातात. गल्लीत बोभाटा होतो तो वेगळाच. त्यापेक्षा ऑर्डर घ्या, पोचपावतीवर सही करा आणि सहीखाली तारीख-वेळ स्वतःच्या हातानं घाला. ऑर्डरीवर छापलेली तारीख आणि तुमच्या हातात पडलेली तारीख यांत कधी कधी तीन आठवड्यांचा फरक असतो. मुदत हातात पडलेल्या तारखेपासून मोजतात. म्हणून पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का तुमचा पुरावा आहे, ऑर्डरीला स्टेपल करून ठेवा.

मग शांतपणे तीन गोष्टी वाचा. पहिली, शिक्षा नेमकी काय. सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं आणि डिसमिस या तीन वेगळ्या शिक्षा आहेत. सेवेतून काढलं तर पुढं दुसरी सरकारी नोकरी धरायला आडकाठी नसते, डिसमिस झालं तर सहसा असते. दुसरी, ऑर्डर कुठल्या नियमाखाली काढली. कोर्टात शिक्षा झाल्यामुळं नियम १४ खाली काढली असेल तर खात्याची वेगळी चौकशी लागत नाही, मग तुमचं सगळं बळ त्या क्रिमिनल अपिलात लावा. तिथून निर्दोष सुटलात की लगेच कामावर घेण्याचा अर्ज करा. लोकायुक्तांकडून चौकशी झाली असेल तर नियम १४-अ दिसेल. तिसरी, सही कुणाची. कलम ३११ म्हणतं की नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला डिसमिस करता येत नाही. तुमची जुनी नेमणुकीची ऑर्डर काढून बघा. त्यावर डीडीपीआयची सही आहे आणि डिसमिसवर त्यांच्या हाताखालच्या बीईओची म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, तर बाकी काही वाचायच्या आधीच तुमचा पहिला मुद्दा तयार झाला.

ऑर्डर कन्नडमध्ये असते. रोजचं कन्नड येत असलं तरी या ऑर्डरींची भाषा जड असते, म्हणून ऑफिसच्या कामात मुरलेल्या सहकाऱ्याला ओळ न् ओळ वाचून दाखवायला सांगा. तक्रार-अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम ३५० नं दिलंय, राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत तो देता येतो. पण माझं मत विचाराल तर अपील कन्नड किंवा इंग्रजीतच द्या. मराठीचा हक्क मागायला दुसऱ्या जागा आहेत. नोकरी टांगणीला लागलेली असताना फाईल भाषांतराच्या निमित्तानं टेबलावर पडून राहायला नको.

फाईल जमवणं

इथंच निम्मी केस होते. सस्पेंडची ऑर्डर, आरोपपत्र, त्याबरोबरच्या कागदांची आणि साक्षीदारांची यादी, तुमचं उत्तर, चौकशी अधिकारी नेमल्याची ऑर्डर, रोजच्या सुनावणीची नोंद, साक्षी, चौकशी अहवाल, दुसरी कारणे दाखवा नोटीस, तिला तुमचं उत्तर, शेवटची ऑर्डर. याशिवाय सेवा पुस्तकाची प्रत. जे तुमच्याकडं नाही ते माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकातली एक खास अडचण लक्षात ठेवा: इथल्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंतच चालतो. 'माझी सगळी फाईल द्या' असा लांबलचक अर्ज परत येतो. चौकशीच्या नोंदीसाठी एक, सेवा पुस्तकासाठी दुसरा, शाळेच्या रजिस्टरांसाठी तिसरा, असे छोटे छोटे अर्ज टाका. पण अर्जाच्या उत्तरासाठी अपील अडवून ठेवू नका. आहे त्यावर अपील द्या, 'कागद मिळाल्यावर जादा मुद्दे देईन' असं शेवटी लिहा.

शाळेतली रजिस्टरं हा वेगळा विषय आहे. आपल्याकडं मुख्याध्यापकांवरची कितीतरी प्रकरणं अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, कोठीतून निघतात: तांदळाचा साठा, डाळ, तेल, दुधाची पावडर. समजा साठा तपासताना तांदूळ ८० किलो कमी भरला. आरोपपत्रात सरळ 'अपहार' लिहिलं जातं. आता बघायचं ते असं: तुम्ही चार्ज घेतला तेव्हा साठा मोजून यादी झाली होती का? किल्ली कुणाकडं असायची, स्वयंपाकीणबाईंकडं की तुमच्याकडं? पोती वजन करून उतरवली की नगावर? त्या आठवड्यात मुलांची हजेरी किती, आणि त्या हिशोबानं रोजचा शिधा किती निघाला? एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, अध्यक्षांची साठा रजिस्टरवर सही आहे का? सीआरपींच्या भेटवहीत त्याच महिन्यात 'साठा बरोबर' असा शेरा असेल तर ते एक पान सोन्याचं आहे. सस्पेंड झाल्यावर घाईघाईनं चार्ज देताना याच वस्तूंची यादी करत नाहीत आणि मग नंतरची तूटही जुन्या मुख्याध्यापकाच्या नावावर चढते. चार्ज देताना दोन प्रतीत यादी करा, घेणाऱ्याची सही घ्या, पानांचे मोबाईलवर फोटो काढा. मूळ रजिस्टर घरी मात्र आणू नका, त्याचा दुसरा आरोप होतो.

चौकशीत कुठं चुकलं ते शोधा

अपिलाचा जीव इथं आहे. काही ठळक चुका वारंवार सापडतात.

आरोप मोघम असतो: 'वेळोवेळी गैरहजर', 'पालकांशी उद्धट'. कुठली तारीख, कुठला पालक, काही नाही. असल्या आरोपाला उत्तर देताच येत नाही, आणि हेच अपिलात लिहायचं. गैरहजेरीच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा कृष्णकांत परमार यांचा निकाल दाखवा: नुसती गैरहजेरी पुरेशी नाही, ती मुद्दाम होती हे खात्यानं सिद्ध करावं लागतं. आजारपण होतं तर तेव्हाचे दवाखान्याचे कागद लावा. आजारपणानंतर वर्षभरानं आणलेल्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही.

कागद दाखवलेच नाहीत. आरोपपत्रात ज्या कागदांचा आधार घेतलाय ते मागितल्यावर द्यावेच लागतात. तुम्ही लेखी मागितले होते का, हाच प्रश्न पहिल्यांदा येईल. तोंडी मागितलेलं फाईलीत दिसत नाही. चौकशी अजून सुरू असणाऱ्यांनी आजच अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

साक्षीदार आणलेच नाहीत, नुसते त्यांचे जुने जबाब किंवा पोलिसांचा एफआयआर वाचून अहवाल लिहिला. एफआयआर म्हणजे पुरावा नव्हे, साक्षीदारानं येऊन सांगावं लागतं आणि तुम्हाला त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. २००९ च्या रूपसिंग नेगी प्रकरणात हे नीट मांडलंय.

सीमाभागात याला आणखी एक फाटा फुटतो. साक्षीदार पालक मराठीत बोलतात, चौकशी अधिकारी कन्नडमध्ये गोषवारा उतरवून घेतात. बाई म्हणतात, 'सर उशिरा येतात असं शेजारीण सांगत होती.' कागदावर येतं, 'शिक्षक उशिरा येतात.' ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते. म्हणून सहीच्या आधी जबाब वाचून दाखवायला सांगा, साक्षीदारालाच विचारा 'तुम्ही स्वतः पाहिलं का?' आणि त्याचं उत्तर लिहून घ्यायला लावा. अधिकारी वैतागले तरी चालेल. नोंदीत चूक राहिली असेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या. महिन्यानं दिलेली हरकत म्हणजे वकिलानं शिकवलेली, असंच सगळे धरतात.

चौकशीत सोबतीला दुसरा सरकारी नोकर घेता येतो. वकील सहसा चालत नाही, पण खात्याच्या बाजूनं वकील उभा असेल तर तुम्हालाही मागता येतो. सोबती निवडताना मित्र बघू नका, ज्यानं आधी दोन-चार चौकशा बघितल्यात असा निवृत्तीला आलेला शिक्षक किंवा क्लार्क शोधा, आणि त्याच्या नावाला मंजुरी घ्या.

चौकशी अहवालाची प्रत न देता थेट शिक्षा केली, हीही मोठी चूक. १९९३ च्या करुणाकर निकालापासून प्रत देणं बंधनकारक आहे. पण त्यातच एक मेख आहे: प्रत न मिळाल्यानं तुमचं काय नुकसान झालं, मिळाली असती तर तुम्ही काय म्हणाला असता, हे सांगावं लागतं. 'प्रत दिली नाही' एवढ्यावर थांबू नका. अहवालातल्या अमुक निष्कर्षाला अमुक रजिस्टरनं उत्तर देता आलं असतं, असं लिहा.

राजकारणाचा विषय टाळून चालणार नाही. नोकराला राजकीय चळवळीत भाग घेता येत नाही, २०२१ च्या वागणूक नियमांतही तेच आहे. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या, फेरीतला फोटो किंवा निवडणुकीच्या काळातलं व्हॉट्सॲप स्टेटस एवढ्यावरून आरोपपत्र निघू शकतं. मनातलं मनात ठेवा असं सांगायला जिभेवर येतं, पण सल्ला म्हणून एवढाच देतो: असं प्रकरण आलंच तर भाषेच्या अभिमानाचं भाषण उत्तरात लिहू नका. फोटो कधीचा, त्यात तुम्ही काय करताय, तो कुणी कुठून आणला, एवढ्यावर राहा.

अपील आणि त्याची तारीख

सीसीए नियमांप्रमाणं अपील ऑर्डर मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण त्या आशेवर राहू नका. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत. खानापूर, बैलहोंगल, बेळगाव शहर-ग्रामीण हे बेळगावच्या डीडीपीआयकडं, तर निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी वगैरे चिकोडीच्या. त्यांच्या वरचं ऑफिस धारवाडला, अपर आयुक्तांचं. अपील कुणाच्या नावे द्यायचं हे ऑर्डरीच्या शेवटी किंवा नियमांच्या परिशिष्टात दिसतं. एक प्रत ज्यानं ऑर्डर काढली त्याच्याकडं, एक थेट वरच्या अधिकाऱ्याला, दोन्ही पोच घेऊन किंवा स्पीड पोस्टानं. ऑर्डर खुद्द सरकारनं काढली असेल तर खात्यात अपील उरत नाही, थेट केएसएटी.

अपील सभ्य भाषेत, मुद्द्याला नंबर देऊन. कुणा अधिकाऱ्यानं आकसानं केलं असं वाटत असेल तर त्याचं नाव आणि तारखेसह घटना लिहा, नाहीतर तो मुद्दा घेऊच नका. 'सर्व अधिकारी मिळून मराठी शिक्षकांना संपवतायत' असलं वाक्य स्टेजवर चालतं, अपिलात त्यानं बाकीचे चांगले मुद्देही हलके होतात. शेवटी 'हे मान्य नसेल तर निदान शिक्षा कमी करावी' ही पर्यायी मागणी विसरू नका. अनेकांना तेवढ्यावर नोकरी परत मिळते.

केएसएटी

अपील फेटाळलं, तर फेटाळल्याच्या ऑर्डरीपासून एक वर्षाच्या आत केएसएटीला अर्ज करायचा. अपिलाला उत्तरच आलं नाही, आणि हेच जास्त होतं, तर सहा महिने थांबायचं आणि तिथून पुढं एक वर्ष. समजा अपील १ सप्टेंबर २०२५ ला दिलं आणि काही आलं नाही, तर १ मार्च २०२६ पासून तुमचं वर्ष सुरू. या काळात स्मरणपत्रं पाठवत बसल्यानं मुदत वाढत नाही, १९८९ च्या एस. एस. राठोड निकालानं ते दार बंद केलंय. स्मरणपत्रांचा गठ्ठा घेऊन तीन वर्षांनी आलेल्या माणसाला वकील काय सांगणार!

केएसएटीचं मुख्य ठिकाण बेंगळूर, पण बेळगावलाही खंडपीठ आहे, त्यामुळं तारखेला रात्रीची बस पकडायची गरज उरलेली नाही. बिदर-भालकीकडच्या आपल्या लोकांना कलबुर्गी. वकील निवडताना दिवाणी किंवा फौजदारीत नावाजलेला नको, नोकरीच्या केसेस चालवणाराच हवा. महिला शिक्षिका आणि अनुसूचित जाती-जमातीतले शिक्षक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, हेल्पलाईन १५१०० आहे.

न्यायाधिकरण साक्षी पुन्हा नव्यानं तोलत बसत नाही. पुरावा अजिबातच नाही, नियम मोडलेत, किंवा शिक्षा डोळ्यांत खुपण्याइतकी जास्त आहे, हेच बघतं. म्हणून अर्जात पाच भक्कम मुद्दे असले तर पुरे, पंचवीस लावू नका.

आणि जिंकलात म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गावर असं धरू नका. बऱ्याचदा ऑर्डर रद्द होते आणि चूक झाली तिथून चौकशी पुन्हा सुरू करायला सांगतात. तोवर सस्पेंडच राहावं लागतं. सरकार धारवाड खंडपीठात जाण्याची शक्यता असते, म्हणून निकालानंतर लगेच तिथं कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका' असा अर्ज, टाकून ठेवायला वकिलांना सांगा.

मधल्या काळातला पैसा

सस्पेंड असताना निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला पगाराच्या निम्मा. त्यासाठी 'मी दुसरीकडं नोकरी-धंदा करत नाही' असं प्रमाणपत्र वेळच्या वेळी द्यावं लागतं. ते न दिल्यानं भत्ता अडतो आणि दोष क्लार्कला जातो. भत्ताच न दिल्यामुळं माणूस चौकशीला पोचू शकला नाही आणि ती एकतर्फी झाली, तर ती टिकत नाही. कोलारच्या भारत गोल्ड माइन्सच्या पॉल अँथनी प्रकरणात १९९९ साली हेच झालं. म्हणून भत्ता थकला असेल तर ते दर महिन्याला लेखी कळवा.

डिसमिस झाल्यावर पोट भरायला काम करायला कुणाची बंदी नाही. पण मागचा पगार मागायचा असेल तर 'या काळात मला दुसरी कमाई नव्हती' हे शपथेवर सांगावं लागतं, मग उलट सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते. दीपाली सुरवसे या महाराष्ट्रातल्या शिक्षिकेच्या २०१३ च्या निकालात हा हिशोब मांडलाय. प्रकरण खाजगी संस्थेचं होतं, तरी मागच्या पगारासाठी सगळीकडं तेच दाखवतात. क्लास घेतले असतील, शेती केली असेल, तर लपवू नका. तेवढी रक्कम वजा होईल, पण खोटी शपथ सापडली तर बाकीचंही जाईल.

निकाल हातात आला की प्रमाणित प्रत घेऊन बीईओ ऑफिसात हजर होण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'वरून ऑर्डर आली की या' असं सांगून परत पाठवतील. तरी अर्ज देऊनच या, कारण पगार कुठल्या तारखेपासून धरायचा याचा वाद पुढं याच कागदावर मिटतो. ठरवून दिलेल्या मुदतीत हजर करून घेतलं नाही तर न्यायाधिकरणाला अवमानाची कारवाई करता येते. आणि हजर झाल्यावर मधला काळ सेवा पुस्तकात कसा लिहिलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. 'ड्यूटी' म्हणून लिहिला नसेल तर इन्क्रिमेंट आणि निवृत्तीच्या हिशोबात तेवढी वर्षं गळतात आणि त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो.